सुंदरराव वस्तादांची उजवी टाच

केजमधून अंबाजोगाईकडे निघालं की डाव्या हाताला हरिओमची जिम लागते. पुढे एकच शटर, आत लांबट हॉल, दोन्ही भिंतींना छतापर्यंत आरसे. हॉलच्या शेवटी एक फुलाफुलांचा पडदा आहे. नव्या माणसाला वाटतं, मागे सामानाची खोली असेल. मागे दोन खोल्या आहेत आणि त्यात सुंदरराव वस्ताद आणि साखराबाई राहतात. खोल्यांना खिडकी नाही, कारण मागची भिंत खताच्या गोदामाला चिकटलेली. मोरी आत, नळ आत, चूल आत. बाहेर पडायची वाट मात्र हॉलमधूनच.

पहाटे पाच ते अकरा आणि दुपारी चार ते रात्री दहा तो हॉल पुरुषांनी भरलेला असतो. त्या वेळात साखराबाई पडद्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांना कुणी अडवलेलं नाही. पण उघड्या अंगाने घाम गाळणारी वीस-पंचवीस पोरं, मोठ्याने लावलेली गाणी, आणि आरशात आरसा दिसून ती गर्दी लांबवर पसरलेली. यातून डोक्यावर पदर घेऊन धुण्याची बादली कशी न्यायची? एकदा भाजीला म्हणून निघाल्या आणि अर्ध्या हॉलमधून माघारी फिरल्या. "जिकडं बगावं तिकडं मीच चाललेली," त्या म्हणाल्या. "लाज वाटली बाई मलाच माझी."

अकरा ते बारा आम्हा बायकांची बॅच. बारानंतर चारपर्यंत शटर अर्धं खाली. हे चार तास साखराबाईंचे. शटरच्या आतल्या बाजूच्या जिन्याने गच्चीवर जाऊन धुणं वाळत घालणं, बाजार, दवाखाना, कुणाकडे हळदीकुंकू, नुसतं उन्हात बसणं, जे काय असेल ते या चार तासांत.

सुंदररावांचं वय पन्नाशीच्या पुढे. मान अजून खांद्यात रुतलेली, कान कुस्तीने चुरगळलेले. आज जिथे रबरी मॅट आहे तिथे पूर्वी तांबड्या मातीचा हौद होता. तालीम हरिओमच्या वडिलांची, भागवतअण्णांची. धारूरच्या डोंगरात शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोराला अण्णांनीच हेरून इथे आणलं आणि राहायला मागच्या खोल्या दिल्या. पुढे तालीम बंद पडली, माती ट्रॅक्टरने उचलून नेली, अण्णा वारले, हरिओमने जिम काढली. सुंदरराव जागचे हलले नाहीत. शटर उघडायचं, इकडे-तिकडे पडलेल्या प्लेटा जागेवर लावायच्या, पोरांना शिकवायचं, शटर पाडायचं. काम सुटलं तर खोल्याही सुटतील, हे कुणी कधी बोललं नव्हतं, पण नवराबायको दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. गावाकडे घर आहे ते भावाचं, शेळ्याही भावाच्याच.

बायकांना शिकवायची त्यांची रीत अशी की ते आमच्याकडे बघतच नसत. शटरबाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि कानाने शिकवायचे. आम्ही ओळीने खाली बसून उठलो की पायरीवरून आवाज यायचा, "कडेच्या ताईचा डावा पाय आधी उठतोय." बरोबर असायचं. कानाला जे कळत नाही ते पडद्याजवळ उभ्या असलेल्या साखराबाई सांगायच्या.

"आवं, खुशनुमाचे गुडघे आत पडायलेत."

"तिला म्हनावं, मदी दोन दारं हायत असं समज, गुडघ्यानं उघड."

खुशनुमा हसून हसून खाली बसायची. पण गुडघे बाहेर राहायचे. एकाचा कान आणि दुसरीचा डोळा, असं मिळून आमचं बरं चाललं होतं. टाचेबद्दल आम्हाला कधीच काही सांगावं लागलं नाही. भांडी घासायला, भाजी निवडायला उकिडवं बसणाऱ्या बायका आम्ही, आमची टाच आपोआप टेकते.

पुरुषांना मात्र सुंदरराव तालमीतली बैठक शिकवायचे. ती चवड्यावर असते. खाली जाताना टाचा सुटतात, हात मागून पुढे येतात, माणूस झोक्यासारखा वरखाली होतो. अशा हजार-हजार बैठका त्यांनी एका दमात काढलेल्या. रिकाम्या अंगाने ते चालतं. पण जिममध्ये खांद्यावर लोखंडी बार आला तरी वस्तादांनी बैठक तीच ठेवली. वर साठ किलो आणि खाली टाचा हवेत. असं केलं की सगळं ओझं गुडघ्याच्या वाटीवर येतं आणि माणूस पुढे झुकतो. दोन-चार पोरांनी मोबाइलवर बघून दबक्या आवाजात हे सांगितलंही होतं. सुंदररावांनी त्यांना, "मोबाइलनं कुस्ती मारली का कवा?" असं विचारून गप्प केलं होतं.

मग भरतीची तयारी करणाऱ्या बंकटचा गुडघा सुजला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, बार घेऊन चवड्यावर बसायला शिकवलं कुणी? तो प्रश्न घेऊन बंकटचे वडील रामप्रसाद थेट जिममध्ये आले, नेमके आमच्या बॅचच्या वेळी.

"कावून हो वस्ताद, पोराला नाचाया शिकवायलाव का? टाचा वर करून?"

"आमी असंच शिकलो," सुंदरराव पायरीवरून उठत म्हणाले.

"तुमच्या पाठीवर कायी नव्हतं. हेच्या पाठीवर लोखंड हाय. भरती दोन महिन्यांवर आली अन् हे लंगडतंय. आता काय सांगू तिथं, वस्तादानं नाचवलं म्हनून?"

रामप्रसाद गेल्यावर ते पायरीवर बसले, पण त्या दिवशी आमचे पाय त्यांना ऐकू आले नाहीत.

हरिओम वाईट मुलगा नाही. लहानपणी तो याच सुंदररावांच्या खांद्यावर बसून जत्रा बघायचा. तो दुसऱ्या दिवशी आला, उगाच एक डंबेल इकडचं तिकडे ठेवलं आणि म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात अंबाजोगाईला ट्रेनरची परीक्षा हाय. नाव घातलंय तुमचं. पास झालात तर इषयच मिटला. न्हाई झालात तर मला कागदवाला ट्रेनर ठेवावा लागंल. लोक इचारायलेत. अन् तो बाहेरगावचा असनार, मग त्येची राहायची सोय..." पडद्याकडे बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं.

परीक्षेचे दोन भाग होते. पहिल्यात साठ किलोचा बार खांद्यावर घेऊन पाच स्क्वॉट स्वतः करून दाखवायचे. टाच जमिनीवर, मांडी गुडघ्याच्या खाली, पाठ ताठ. दुसऱ्यात समोरच्या माणसाच्या चुका सुधारायच्या. दुसऱ्या भागाची सुंदररावांना चिंता नव्हती. पहिल्या भागाची चिंता त्यांनी कुणाला सांगितली नाही. साखराबाईंना सांगायची गरज नव्हती.

पंचवीस वर्षांपूर्वी एका जत्रेत कुस्ती धरताना त्यांचा उजवा घोटा मोडला होता. हाडवैद्याने बांबूच्या कांबी बांधून तो बसवला, पण घोटा लाकडासारखा घट्ट झाला. पाऊल पुढे वाकेना. टाच टेकवून उकिडवं बसता येईना. तालमीत हे लपलं, कारण चवड्यावरच्या बैठकीत टाचेचं काम पडतच नाही. पहिलवानाने आपला दुखरा सांधा कुणाला दाखवायचा नसतो, कारण पुढच्या कुस्तीत समोरचा तोच धरतो. सुंदररावांना कुस्ती सोडून वीस वर्षं झाली तरी ती सवय सुटली नव्हती. पोरांना त्यांनी चवड्यावर बसवलं ते अज्ञानाने की स्वतःची टाच दाखवायला लागू नये म्हणून, हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

आता बारा ते चार हा साखराबाईंचा वेळ सरावाला गेला. शटर अर्धं खाली ओढायचं आणि सुंदररावांनी बार ठेवायच्या रॅकपुढे उभं राहायचं. साखराबाईंनी बाजूने मोबाइल धरायचा. पहिलं चित्रण बघितल्यावर सुंदररावांनी तेच पुन्हा एकदा लावून बघितलं. मग म्हणाले, "हा वाकलेला म्हातारा कोन हाय?"

"माज्या नशिबात आलेला हाय," साखराबाई म्हणाल्या. "टाच उचलली. परत करा."

त्यांनी पाय रुंद ठेवून बघितले, बोटं बाहेर वळवून बघितली. पाठीमागे बाकडं ठेवून त्याला बूड टेकेपर्यंत जाऊन बघितलं. बार मानेवरून खाली, खांद्याच्या मांसावर घेतला. मोठा श्वास घेऊन पोट घट्ट केलं, पट्टा बांधला. सगळं सुधारलं, पण खाली जाताना एका ठरावीक जागी आलं की उजवी टाच उठायची, कंबर डावीकडे सरकायची आणि छाती पुढे पडायची.

"टाच," साखराबाई म्हणायच्या.

"ऐकू येतंय मला."

"ऐकू येऊन काय करायचं? टेकवा की."

पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी साखराबाई म्हणाल्या, धुण्याचा ढीग झालाय, मी गच्चीवर जाऊन येते, मी आल्याशिवाय बार घेऊ नका. सुंदररावांनी बरं म्हटलं आणि त्या जिना चढताच बार घेतला. बायकोच्या डोळ्याखाली जे होत नाही ते एकट्याने होईल असं त्यांना वाटलं असावं.

पहिले दोन झाले. तिसऱ्याला टाच उठली, बार मानेकडे घसरला आणि ते खाली गेले ते वर आलेच नाहीत. रॅकला बाजूला आडव्या दांड्या असत्या तर बार त्यांच्यावर अडकला असता. हॉल अरुंद म्हणून त्या बसवल्याच नव्हत्या. अशा वेळी बार मागे टाकून द्यायचा आणि आपण पुढे निसटायचं, हे त्यांनी मोबाइलवर दहादा बघितलं होतं. हात मोकळे करून मागे ढकललं की संपलं. पण मागे तोल जाईल, पाठ टेकेल. सुंदररावांची पाठ आयुष्यात दोनदा टेकली होती आणि त्या दोन्ही कुस्त्यांची तारीख ते सांगू शकायचे. त्यांचं अंग मागे जायला तयारच होईना. ते गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर, पोट मांड्यांना चिकटलं, कपाळ मॅटला लागलं. खालचा पहिलवान चीत होऊ नये म्हणून मातीला जसा चिकटून राहतो, अगदी तसे. पाठीवर साठ किलो.

ओरडायचं तर छातीत हवा भरेना. बाहेर रस्त्यावर जीपवाले "धारूर, धारूर" ओरडत होते. शटरच्या फटीतून येणाऱ्या उन्हात जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला दिसत होत्या. कुणाचे पाय थांबले नाहीत. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. साखराबाई सांगतात, दोन बादल्या धुणं वाळत घालायला लागतो तेवढा.

त्या आल्या आणि बादली तिथेच सोडली.

"आवं! काय झालं?"

"कायी न्हाई. बार... काढ."

साखराबाईंनी एका बाजूची प्लेट काढायला हात लावला आणि थांबल्या. जिममागे राहून त्यांना एवढं कळत होतं की एकीकडची प्लेट काढली की बार दुसरीकडे उलटतो.

"तुमी आडवं व्हा. पाठीवर पडा, बार आपूआप मागं सरकंल."

"न्हाई."

"न्हाई काय? श्वास घ्याया येईना अन् न्हाई म्हनायलाव!"

"पाठ... न्हाई टेकवनार."

"आवं, कोन बगतंय हितं?"

"तू हायस की."

साखराबाईंनी पुढचं बोलणं सोडलं आणि शटरखालून वाकून बाहेर गेल्या. समोरच तन्वीरचं वेल्डिंगचं दुकान आहे. जिममधला रॅक त्यानेच केलेला. त्या डोक्यावरचा पदर सुटलेल्या अवस्थेत भर रस्त्यात ओरडल्या, "तन्वीऽर! बार पडलाय वस्तादावर!"

तन्वीर हातातलं काम टाकून आला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला साखराबाई. "एक, दोन, उचला भाभी!" साठ किलो दोघांनी उचललं. सुंदरराव कुशीवर वळले आणि मगच पाठीवर पडले. मानेवर बारचा लाल वळ उठला होता.

पाणी पिऊन झाल्यावर तन्वीरने विचारलं, "वस्ताद, खरं सांगा, टाच कावून टेकत न्हाई तुमची?"

"सवय न्हाई," सुंदरराव म्हणाले.

"सवय न्हाई म्हनं!" साखराबाई उसळल्या. पंचवीस वर्षांचं त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं. घोटा, कांबी, हाडवैद्य. "गावाकडं सकाळी टमरेल घेऊन रानात गेल्यावर टाचंखाली दगूड ठेवून बसायचे हे! पाच पावलं मागं मी बी असायचे, मला म्हायती न्हाई?"

"अगं काय सांगायलीस कुनाला!" सुंदररावांचा चेहरा मानेवरच्या वळाइतकाच लाल झाला.

तन्वीर हसला नाही. तो विचार करत होता. "दगूड," तो म्हणाला. "वस्ताद, टाच जमिनीला लागत न्हाई, तर जमीन टाचंपत्तूर आनू की. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी त्याने दोन कामं केली. रॅकला दोन आडव्या दांड्या जोडल्या, बार फार खाली गेला की अडेल अशा उंचीवर. आणि एक लाकडी फळी आणली, मागून दोन बोटं जाड, पुढे उतरती. "दोन्ही टाचा चढवा. एकच चढवली तर कंबर वाकडी हुईल."

सुंदरराव फळीवर टाचा ठेवून खाली गेले. आणि विहिरीत बादली उतरावी तसे सरळ खाली गेले. कंबर सरकली नाही, छाती पडली नाही, मांडी गुडघ्याच्या खाली गेली. वर आल्यावर ते आरशाकडे न बघता साखराबाईंकडे बघत राहिले.

"काय?" साखराबाई म्हणाल्या. "टेकली की. परत करा."

परीक्षेत फळी कशी न्यायची, म्हणून तन्वीरने टायरच्या रबराचे दोन तुकडे कापून त्यांच्या बुटात टाचेखाली चिकटवून दिले. बाहेरून काही दिसत नव्हतं. सराव उत्तम व्हायला लागला, पण सुंदररावांचा चेहरा उतरलेलाच. आमच्या बॅचच्या वेळी पायरीवर बसून ते बूट न्याहाळायचे. एकदा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अंगाला तेल चोळून कुस्ती धरनारे असायचे. हात निसटावा म्हनून. वस्ताद त्यायला हौदात उतरू देत नसत." साखराबाई पडद्याजवळून म्हणाल्या, "तेल त्यायनी दुसऱ्याला पाडाया लावलं. तुमी कुनाला पाडायलाव?"

खरं तर साखराबाईंनाही त्या दिवसांत झोप नव्हती. त्यांनी मला एकदा बारीक आवाजात सांगितलं, "नापास झाले तर कुठं जावं ह्या भीतीनं जीव जातो. अन् पास झाले तर हितंच, ह्या भिंतीतच मरायचं, ह्या इचारानं बी जातो." मग लगेच, "कुनाला बोलू नगा बरं." आता लिहिते आहे, तर त्यांना विचारूनच लिहिते आहे.

परीक्षेला दोघं साडेदहाच्या जीपने अंबाजोगाईला गेले. काय झालं ते साखराबाईंनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं, सगळ्यांच्या नकला करत.

परीक्षक संभाजीनगरहून आलेले, तरुण, गळ्यात शिट्टी. सुंदररावांचे पाच स्क्वॉट झाले. परीक्षकांनी वाकून बाजूने बघितलं, कागदावर खुणा केल्या, "छान, काका, बसा" म्हणाले. सुंदरराव बसले नाहीत.

"सायेब, माज्या बुटात रबर हाय."

"काय?"

"टाचंखाली. माजा घोटा वाकत न्हाई. मोडलेला हाय. रबराबिगर टाच टेकत न्हाई माजी. आता तुमी काय ते ठरवा."

मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या साखराबाईंनी डोळे मिटले. आता गेल्या खोल्या, असं त्यांना वाटलं. परीक्षकांनी मात्र आपला एक पाय वर उचलून बाकड्यावर ठेवला. त्यांच्या बुटाची टाच लाकडाची, चांगली दोन बोटं उंच. "काका, हे बूट असेच विकत मिळतात. स्क्वॉटसाठीच असतात. ज्याचा घोटा कमी वाकतो त्याने वापरायचेच. यात चोरी कसली?"

"मिळतात?" सुंदररावांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

परीक्षकांनी त्यांना बूट काढून भिंतीपुढे उभं केलं. पाऊल भिंतीपासून चार बोटं मागे ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितला. डावा लागला. उजवा वीतभर दूरच राहिला. तिथे दहा-बारा तरुण उमेदवार बघत होते. पंचवीस वर्षं झाकलेला सांधा सुंदररावांनी त्यांच्यासमोर भिंतीला लावून धरला. परीक्षकांनी स्पष्ट सांगितलं की यापुढे जड बार घ्यायचा नाही, करून दाखवायला रिकामा बार पुरे, आणि हा भिंतीचा व्यायाम रोज करायचा.

दुसऱ्या भागात चुका सुधारायला समोर एक कॉलेजची मुलगी उभी केली. सुंदररावांनी लगेच पाठ फिरवली.

"अहो काका, तिकडे काय बघताय?"

"करू द्या त्यायला. मी ऐकतो."

परीक्षक वैतागले, पण मुलगी खाली बसून उठली. "उजव्या पायावर भार जास्ती देतीय लेकरू," सुंदरराव भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "डावा गुडघा दुखत असंल." मुलगीच म्हणाली, "हो, दुखतो." परीक्षकांनी मग त्यांना समोर वळायला लावलं. इथून पुढे पाठ फिरवून चालणार नाही, असंही बजावलं. पण कागदावर सही केली.

"अन् जीपमदी बसल्यावर काय म्हनले म्हायतीये?" साखराबाई आम्हाला म्हणाल्या. "म्हनले, तन्वीरचं रबर टोचायलंय, बूट काढू का?"

आम्ही सगळ्या हसलो. तेवढ्यात हरिओम पेढे घेऊन आला. शटरबाहेर उभं राहूनच त्याने खोका आत दिला. बरोबर एक छापलेला फलक होता. त्याने तो उलगडून पायरीवरच्या सुंदररावांना वाचून दाखवला. वर प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव, फोटो. खाली, नवीन खास बॅच, दुपारी बारा ते चार.

"नोकरीवाले, दुकानवाले इचारतच होते काका. आता कागद हाय तर सोमवारपासून चालू करू. चालंल ना?"

"चालंल की," सुंदरराव म्हणाले. आपलं नाव छापलेलं ते पहिल्यांदाच बघत होते.

पडद्याजवळ पेढ्याचा खोका धरून साखराबाई उभ्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक पेढा दिला, खोका झाकला आणि आत गेल्या.

सोमवारपासून त्यांच्याकडे आमच्या बॅचचा एक तास उरला. त्या तासात त्या पळत बाजार करायच्या. कधी जिना चढायच्या, कधी राहून जायचं. धुणं खोलीत दोरीवर वाळत पडायचं. आम्ही स्क्वॉट करत असलो की पडद्याआडून ओल्या कपड्यांचा कुबट वास यायचा. सुंदरराव आता तोंड आमच्याकडे करून शिकवायला लागले होते, त्यामुळे पडद्याजवळ उभं राहून कुणाचा गुडघा आत पडतोय ते सांगायचं कामही उरलं नव्हतं. दुपारची बॅच चांगली भरली. हरिओम खूश होता.

तिसऱ्या आठवड्यात हरिओम आमच्या वेळेत आला, तेव्हा सुंदररावांनी त्याला पायरीवर बसवून घेतलं. दोघांची पाठ आमच्याकडे होती, पण बोलणं ऐकू येत होतं.

"हरिओम, दुपारची बॅच दोनला संपव."

"काका, तीच तर भरलीय."

"तुजी काकू आत कोंडून पडलीय."

"कोंडलं कुनी? दार उघडंच हाय की."

"दार उघडं हाय," सुंदरराव म्हणाले. मग पडद्याकडे मान वळवून, "कागद माज्या नावाचा हाय. मी न्हाई तर बॅच न्हाई."

"मग कुठं जाल काका?" हरिओमने हे वाईट हेतूने विचारलं नव्हतं. त्याने खरंच विचारलं.

रस्त्यावर एक जीप थांबली, भरली आणि गेली.

"कुठं न्हाई जात," ते शेवटी म्हणाले. "हितंच बसतो. पन तीन वाजता बार खाली."

दोन मागितले होते, तीन म्हणाले. हरिओमने तीन मान्य केले.

आता तीन वाजता दुपारची बॅच सुटते. शेवटचा माणूस बाहेर पडला की पडदा सरकतो आणि साखराबाई दोन दिवसांचं धुणं घेऊन निघतात. आरशाकडे न बघता सरळ जिन्याकडे. वाळत घालून झालं तरी त्या लगेच खाली येत नाहीत. पाण्याच्या टाकीच्या सावलीला पाय पसरून बसतात. खाली सुंदरराव शटर अर्धं ओढून, बूट काढून, उजवा गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करत असतात. चार वाजायच्या आधीच संध्याकाळची पोरं येऊन पायरीवर गर्दी करतात.

"वस्ताद, उघडा की. ऊन लागायलंय."

सुंदरराव आतून शटर हाताने दाबून धरतात.

"थांबा," ते म्हणतात. "धा मिंटं हायत अजून."